पोरगी पहिल्यांदाच एकटी राहणार, जाण्याआधी काय काय शिकवू?

कृष्णाकाठ:
मंडळी, आम्ही कराडचे. थोरली मुलगी (वय 22) 1 ऑगस्टला पुण्यात नोकरीवर रुजू होतेय. शिक्षण घरूनच झालं, त्यामुळे वसतिगृहाचाही अनुभव नाही. तिघी मैत्रिणी मिळून बाणेरला फ्लॅट बघतायत. हातात सहा आठवडे आहेत.

पोळ्या येतात, गोल नसल्या तरी फुगतात. स्कूटी येते, बँकेचं तिचं ती बघते. पण परवा सिलेंडर संपला तेव्हा "आई, गॅस गेला" म्हणून हाक मारून ती बाजूला झाली आणि मी सवयीनं पुढे होऊन बदललाही. हात धुताना लक्षात आलं की बावीस वर्षांत मी तिला तो एकदाही बदलू दिलेला नाही. अशा किती गोष्टी असतील ज्या मला आठवतही नाहीत, कारण माझे हात त्या न विचारता करतात!

तुमची मुलं बाहेर पडली तेव्हा, किंवा तुम्ही स्वतः पडलात तेव्हा, नेमकं कशानं अडलं? उपदेश नकोत, गोष्टी सांगा.

सुपारी:
ताई, सिलेंडर आजच शिकवा. मी गॅस एजन्सीत 14 वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सील काढल्यावर आधी व्हॉल्व्हच्या आत बोट न घालता नुसतं डोकावून बघायचं. काळी रबरी रिंग जागेवर आहे ना, चिरलेली नाही ना. मग रेग्युलेटर बसवायचा, 'खट्' आवाज आला पाहिजे. जोडावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून कधीही तपासायचं नाही. पांढरी टोपी दोरीला तशीच राहू द्यायची, फेकायची नाही, गळती झाली तर तीच कामी येते.

सिलेंडर घेताना वजन करून मागायचं, तो ग्राहकाचा हक्क आहे. रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवायचे. वरच्या पट्टीवर 'बी-28' असं काहीतरी दिसेल, ती चाचणीची मुदत. आकडा वर्षाचा, म्हणजे 2028, आणि अक्षर तिमाहीचं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी त्यापुढचे तीन महिने. मुदत उलटलेला सिलेंडर परत पाठवायचा. केशरी नळीवरही वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी नळी बदलायची.

चाफेकळी:
सुपारीताई, वीस वर्षं संसार करतेय, ए-बी-सी-डीचं आज कळलं. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन बघून आले. आमचा ठीक आहे. वाचनखूण साठवली.

जुना_वायरमन:
कृष्णाकाठ ताई, माझं एकच सांगणं. नव्या घरात सामान लावायच्या आधी 'बंद कुठून होतं' हे बघायचं. चालू कसं करायचं ते कुणीही शिकतं.

पाण्याचा मेन कॉक कुठे आहे? बऱ्याच इमारतींत तो गच्चीवर टाकीपाशी असतो आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडे. प्रत्येक बाथरूमला वेगळा कॉक असतो तो कुठला? फिरतो का, की गंजून बसलाय? विजेची एमसीबीची पेटी कुठे आहे, कुठला खटका कुठल्या खोलीचा? एकीनं खटका पाडायचा, दुसरीनं कुठला दिवा गेला ते ओरडून सांगायचं, तिसरीनं चिकटपट्टीवर लिहून पेटीला लावायचं. तिघी आहेत तर वीस मिनिटांचं काम.

त्या पेटीत 'टी' लिहिलेलं बटण असलेला एक मोठा खटका असतो. शॉक लागत असेल तर तो वीज तोडतो. महिन्यातून एकदा ते बटण दाबून बघायचं, खटका पडला तर तो जिवंत आहे. तो सारखा पडायला लागला तर घरातली सगळी उपकरणं प्लगमधून काढायची, खटका वर करायचा आणि एकेक उपकरण परत लावत जायचं. ज्याच्यावर पडेल ते बिघडलेलं. खटका पडू नये म्हणून त्याला चिकटपट्टी लावलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. ताई, मुलीला निक्षून सांगा, असं कुणी करत असेल तर त्या घरात थांबायचं नाही.

चाफेकळी:
वायरमन काका, पटलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोथरूडला आम्ही चौघी राहायचो. रात्री साडेअकराला फ्लशच्या टाकीचा पाइप फुटला. पाणी भिंतीवर आदळून पॅसेजमध्ये यायला लागलं. एकजण बादली लावतेय, एकजण पाइपावर टॉवेल दाबतेय, एकजण घरमालकांना फोन करतेय आणि ते उचलत नाहीत. गाद्या खालीच होत्या, त्या उभ्या करेपर्यंत दोन भिजल्या. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून आल्या. त्यांच्या छताला पाणी पाझरलं होतं. त्यांनी कमोडच्या मागे हात घातला, एक छोटा कॉक दोन वेढे फिरवला आणि पाणी थांबलं. तो कॉक आमच्या हाताखालीच होता!

निळू:
वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी एकोणिसाव्या वर्षी लातूरहून मुंबईला आलो तेव्हा मला काहीही येत नव्हतं. पडलो, शिकलो. आताच्या मुलांच्या हातात तर यूट्यूब आहे. भात कसा लावायचा इथपासून नळ कसा बदलायचा इथपर्यंत सगळं मिळतं. सहा आठवडे शिकवणी लावून आपण त्यांचा आत्मविश्वास घालवतो असं मला वाटतं.

सुपारी:
निळूभाऊ, भाताचं मान्य. पण गॅसचा वास आल्यावर व्हिडिओ शोधायला वेळ नसतो. तेव्हा दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळी पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. हे आधीच अंगात मुरलेलं असावं लागतं.

जुना_वायरमन:
आणि फ्लॅट बघताना बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का ते बघा. बंद बाथरूममध्ये तो चालला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळीलाच बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर बाल्कनीत हवा, नाहीतर सरळ विजेचा घ्यावा.

निळू:
हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. माझं विधान भातापुरतं मर्यादित करतो.

दूर्वा_आजी:
मग भाताकडे वळू या. पोरीला तीन गोष्टी पक्क्या आल्या की ती उपाशी राहणार नाही: मुगाची खिचडी, पिठलं आणि कोशिंबीर. खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. हळद-मीठ आणि वरून तूप. दमून आल्यावर वीस मिनिटांत ताट समोर येतं. पिठल्याला बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. आणि रात्रीचा उरलेला भात सकाळी कांदा-मिरची घालून परतला की डबा तयार. फोडणीचा भात म्हणजे एकट्या माणसाचा खरा सोबती.

अबोली:
आजी, खिचडी-पिठल्याला माझे शंभर गुण. भाताबद्दल मात्र डॉक्टर म्हणून बोलायलाच हवं. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात एक जिवाणू वाढतो आणि विष तयार करतो. ते विष सकाळी परतल्यानं नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब घेऊन आलेली मुलं मी बघते, त्यातल्या बऱ्याच जणांच्या आदल्या दिवसाच्या जेवणात बाहेर राहिलेलं काहीतरी असतं. उरलेला भात तास-दोन तासांत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. मग फोडणीचा भात खुशाल करावा.

दूर्वा_आजी:
अगं बाळा, आम्ही जन्मभर शिंकाळ्यातला भात खाल्ला. आमच्याकडे कुणाला काही झालं नाही.

अबोली:
आजी, तुमच्या घरी चुलीच्या उबेत शिजलेला भात पहाटेच संपत असेल. पुण्यातल्या बंद फ्लॅटमध्ये मे महिन्यातला भात सकाळी दहापर्यंत राहतो.

दूर्वा_आजी:
बरं, फ्रिजमध्ये ठेवायला सांगते. पण फोडणीचा भात सोडायचा नाही.

मांडवीतीर:
फोडणीच्या भातावर वेगळा धागा काढा बरं कुणीतरी. आमच्या म्हापशाला त्यात सुकी सुंगटां (कोळंबी) घालतात!

अबोली:
धागाकर्तीसाठी आजारपणाचं लिहून ठेवते. घरात एक डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉलच्या 500च्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं आणि पट्टी एवढं हवंच. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू द्यायचं नाही.

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूचे रुग्ण दरवर्षी असतात. ताप आला की पॅरासिटामॉलच घ्यायची. अंगदुखीची म्हणून दुकानदारानं दिलेली आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नाही, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, म्हणून दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत. आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्तगट कुठला, हे तिघींनी एकमेकींना सांगून ठेवायचं. बेशुद्ध माणसाला विचारता येत नाही. रुग्णवाहिकेला 108, बाकी कुठल्याही संकटात 112.

पर्वतीची_घरमालकीण:
मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, आमचा एक फ्लॅट भाड्यानं दिलेला असतो.

करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. "कशाला खर्च, नोटरी करू" असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही. खर्च फार नसतो. समजा 18,000 भाडं, 11 महिने, 50,000 अनामत. 11 महिन्यांचं भाडं अधिक अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. ते पाचशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर एजंटाचं मानधन. तो घरी येऊन अंगठे घेतो.

सही करण्याआधी चार ओळी नीट वाचायच्या: नोटीस किती दिवसांची, मधेच सोडलं तर काय कापणार, रंगकामाचे पैसे कुणी द्यायचे, सोसायटीचं मेंटेनन्स कुणाकडे. तिघींची नावं करारात हवीत. एकीच्याच नावावर केलं आणि ती सोडून गेली तर बाकीच्या दोघी अडकतात.

म्युनिककर:
इथे जर्मनीत घर ताब्यात घेताना एक हस्तांतर-पत्रक भरतात. भिंतीवरचा ओरखडा, फरशीचा टवका, किल्ल्या किती, वीज-पाण्याच्या मीटरचं रीडिंग, सगळं लिहून दोघांच्या सह्या. घर सोडताना तोच कागद पुढे ठेवतात. माझ्या भावानं चिंचवडला घर घेताना मी त्याला हेच करायला लावलं. त्यानं मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढला, गळका नळ आणि बाथरूमची फुटलेली टाइल जवळून दाखवली आणि त्याच दिवशी घरमालकांना पाठवला. दोन वर्षांनी टाइलचे पैसे कापायचा विषय निघाला, व्हिडिओ दाखवला, तिथेच मिटला.

पर्वतीची_घरमालकीण:
म्युनिककर, हे घरमालकाच्याही सोयीचं आहे. मी आता भाडेकरूला स्वतःहून सांगते, आज व्हिडिओ काढा. विजेच्या मीटरचाही फोटो घ्यायचा, नाहीतर आधीच्या माणसाचं बिल माथी येतं.

अवांतर: बिल समजून घ्यायलाही शिकवा. 2,000 वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. तिघींनी रोज अर्धा अर्धा तास लावला तर महिन्याला 90 युनिट नुसत्या आंघोळीचे. 100 युनिटच्या वर दर चढतो.

वऱ्हाडी_बोर:
नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, वय 25, तीन वर्षांपासून हिंजवडीत. तुमच्या पोरीच्या जागी मीच होतो समजा.

पहिला पगार हातात आला अन् मी हबकलो. पत्रावर वर्षाचा आकडा होता, त्याला बारानं भागून मी हिशेब केला होता. त्यातून माझा पीएफ, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा सगळं वजा होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. व्यवसाय कर महिन्याला 200 अन् फेब्रुवारीत 300. बायकांना महाराष्ट्रात 25,000 पगारापर्यंत तो माफ आहे, ताई, मुलीची पगारचिठ्ठी तपासून घ्या. पीएफचा यूएएन नंबर जपून ठेवायचा, नोकरी बदलली तरी तोच राहतो.

क्रेडिट कार्डावर 'किमान रक्कम' भरली की सुटलो, असं मला वाटायचं. उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं. आठ महिने मी व्याजच भरत होतो. शेवटी बाबांना सांगितलं. तीन रात्री झोप नव्हती, ते एका वाक्यात म्हणाले, "किती आहे ते लिहून आण, बसू." पूर्ण भरता येत असेल तरच कार्ड वापरायचं.

अन् एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. रविवारची संध्याकाळ. रूमवरचे पोरं गावाला गेलेले, मेस बंद, बाहेर पाऊस. सहा वाजले की पोटात कालवायचं. आईचा फोन आला की "मजेत आहे" म्हणायचो अन् ठेवायचो. मग एका शनिवारी वाचनालयाचं सभासदत्व घेतलं अन् रविवारी साडेपाचला तिथे जायचं ठरवून टाकलं. तिथले दोघे-तिघे आता जिवाभावाचे आहेत. ताई, पोरीला सांगा, रविवारी संध्याकाळी कुठे जायचं हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाक.

चाफेकळी:
वऱ्हाडी दादा, हे वाचून फोन खाली ठेवला आणि लेकाला लावला. तो चेन्नईत आहे. "मजेत आहे" म्हणाला. आज मी दुसऱ्यांदा विचारलं.

निळू:
फोनवरून आठवलं. "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला" असा संदेश, किंवा पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक झालीय" म्हणतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर रडत बसायचं नाही, लगेच 1930 ला फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मुलीला हेही सांगा की फसलीस तर घरी ओरडा बसणार नाही. ओरड्याच्या भीतीनंच मुलं दोन दिवस लपवतात.

मांडवीतीर:
+१. शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

माझाही एक प्रश्न. एवढं सगळं मुलीलाच का? आमच्याकडे मुलगा बेंगळुरूला गेला तेव्हा कुणी धागा काढला नाही, त्याला फक्त बॅग भरून दिली. तीन महिन्यांनी आला तेव्हा सगळे पांढरे शर्ट गुलाबी झाले होते, लाल टॉवेलाबरोबर धुतलेले. शर्टाचं जाऊ दे, पण पोरगा रोज बाहेरचं खाऊन आठ किलोंनी वाढला होता.

कृष्णाकाठ:
मांडवीतीर, बरोबर बोललात. धाकटा बारावीत आहे, मी त्याला यादीत धरलंच नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचला त्याच रात्री त्यालाही बसवलं.

सगळ्यांना मनापासून उत्तर देते, उशीर झाला. गेल्या तीन आठवड्यांत आमच्याकडे काय झालं ते सांगते.

वायरमन काकांची एमसीबीची युक्ती आमच्याच घरी केली. माझे यजमान खटका पाडत होते, दोघं पोरं खोल्याखोल्यांतून ओरडत होती. आमच्या देवघराचा दिवा बाथरूमच्या खटक्यावर आहे हे एकोणीस वर्षांनी कळलं. 'टी' बटण दाबलं तर खटका पडलाच नाही! दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून तो बदलून घेतला. काका, तुमचे उपकार.

भाताचं मुलीनं लगेच उचललं. आता रात्री मी झोपायला गेले की ती ओटा बघून येते.

आणि सिलेंडर. काल संपला. तिनं हाक मारली नाही. मी दारात उभी होते, हात मागे धरून, कारण ते पुढे जात होते. तिनं रिंग बघितली, रेग्युलेटर बसवला, तो बसला नाही. मला सांगायचा मोह झाला, गिळला. दुसऱ्यांदा कड वर ओढून दाबला तेव्हा 'खट्' झालं. मग वाटीत साबणाचं पाणी करून बोटानं लावलं आणि खाली वाकून बुडबुडे येतायत का बघत राहिली. एक मिनिट तरी. मग चहा केला, माझ्यासाठीही.

वऱ्हाडी, तुझा प्रतिसाद तिला वाचायला दिला. ती काही बोलली नाही, पण बाणेरच्या आसपास कथकचा वर्ग शोधतेय. सहावीत सोडलं होतं.

आता प्रश्न उरलाय तो तिच्याकडूनच. फ्लॅट मिळाला, पण तिथे गॅसचं कनेक्शन नाही आणि तिघींच्या आधारकार्डावर गावचे पत्ते. सिलेंडर मिळणार कसा?

सुपारी:
5 किलोचा छोटा सिलेंडर घ्यायचा. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, नुसतं ओळखपत्र दाखवून गॅस वितरकाकडे मिळतो. भरलेला घेताना त्याचंही वजन करायला लावा. रेग्युलेटर त्याच सिलेंडरचा मागून घ्या, घरचा मोठ्याचा नेऊ नका. बसला नाही तर जोर लावायचा नाही, वितरकाला दाखवायचा.

दूर्वा_आजी:
आणि जाताना कुकरची एक जादा रिंग दे गं बरोबर. ती नेमकी रात्री आठलाच जाते.